कमांडच्या माहितीत नुकसानीचे वाक्य आधी हवे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : ‘गिट’च्या कमांडविषयी लिहिल्या जाणाऱ्या माहितीची भाषा

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पुरवणीत संगणकशास्त्राच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी नोकरीला लागण्याआधी काय शिकून घ्यावे, याविषयीचे लेख अधूनमधून येत असतात आणि त्यांत प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या प्रणालीचे नाव हटकून असते. ते योग्यच आहे. परंतु ‘गिट शिका’ असे सांगून आपण विद्यार्थ्याला ज्या मजकुराच्या हवाली करतो, तो मजकूर कसा लिहिलेला आहे, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. कमांड, म्हणजे संगणकाला लिहून दिलेली आज्ञा, चालवण्यापूर्वी माणूस माहितीचे जे पान उघडतो, त्याच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांतच ती कमांड त्याच्या स्वतःच्या फायलींचे काय करणार आहे आणि त्यातले काय परत मिळणार नाही, हे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे; आणि ही वाक्ये सुधारण्याच्या कामात खानदेशातल्या महाविद्यालयांनी उतरावे, अशी माझी विनंती आहे.

मी जळगाव जिल्ह्यात बरीच वर्षे संगणकशास्त्र शिकवतो. आमच्याकडे यावल, रावेर, चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा या भागांतून मुले येतात. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात आल्यावर एकदम सगळे इंग्रजीत, असा त्यांच्यापैकी अनेकांचा प्रवास असतो. ही मुले बुद्धीने कुठेही कमी नाहीत. तर्क त्यांना लवकर उमगतो, प्रोग्राम ती नेटका लिहितात. मात्र इंग्रजी वाक्य वाचताना ती शब्दाला धरून चालतात, कारण दोन ओळींच्या मधले न लिहिलेले ओळखण्याइतका त्या भाषेचा सराव त्यांना अजून झालेला नसतो. म्हणूनच माहितीच्या पानात जे लिहायचे राहून गेले आहे, त्याचा फटका सर्वांत आधी त्यांना बसतो.

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध येत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एखाद्या प्रोग्रामच्या फायलींत वेळोवेळी जे बदल होतात, त्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारी, कोणी, केव्हा आणि का बदल केला हे सांगणारी आणि हवे तेव्हा मागच्या टप्प्यावर नेऊन सोडणारी प्रणाली म्हणजे गिट. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचे (कर्नलचे) काम करणारे लोक २००२ पासून ‘बिटकीपर’ नावाची प्रणाली वापरत होते. २००५ मध्ये ती विनामूल्य वापरण्याची सवलत संपली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतली आणि काही महिन्यांत तिची देखभाल ज्युनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. आज जगभरातले बहुतेक प्रोग्रामर हीच प्रणाली वापरतात. नोंद केलेल्या टप्प्याला ‘कमिट’ म्हणतात, कामाच्या स्वतंत्र वाटेला ‘ब्रँच’ म्हणतात आणि पुढच्या कमिटमध्ये कोणते बदल जाणार आहेत, हे ज्या मधल्या जागेत ठरते तिला ‘इंडेक्स’ म्हणतात; बदल त्या जागेत टाकण्याची कमांड म्हणजे ‘गिट अ‍ॅड’. आपण सध्या कुठे आहोत हे दाखवणाऱ्या खुणेला ‘हेड’ आणि एखाद्या टप्प्यातल्या फायलींच्या मांडणीला ‘ट्री’ म्हणतात. पत्रातला पुढचा मजकूर समजायला एवढे पुरे आहे.

मागच्या सत्रात अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थिनी मिळून एक प्रकल्प करत होत्या. केळीच्या गाड्यांची आवक, मालाचा दर्जा आणि त्या दिवसाचा भाव यांची नोंद ठेवून शेतकऱ्याला महिन्याचा हिशेब काढून देणारा तो प्रोग्राम होता. त्यांच्या फोल्डरमध्ये ‘रिपोर्ट’ नावाचे एक उपफोल्डर होते. मैत्रिणीने आपल्या घरच्या संगणकावर ‘रिपोर्ट’ याच नावाची ब्रँच तयार करून ती सामायिक रेपॉझिटरीत, म्हणजे दोघींचे काम जिथे जमा होते त्या साठ्यात, पाठवली आणि फोनवर तसे कळवले. प्रयोगशाळेत बसलेल्या मुलीने त्या ब्रँचवर जाण्यासाठी ‘गिट चेकआउट रिपोर्ट’ ही कमांड दिली. मैत्रिणीची ब्रँच या संगणकावर अजून उतरवून घेतलेली नव्हती, त्यामुळे त्या नावाची ब्रँच गिटला सापडली नाही. सापडले ते त्या नावाचे उपफोल्डर. गिटने मग त्या उपफोल्डरमधल्या फायली इंडेक्समध्ये जशा होत्या तशा आणून ठेवल्या. पडद्यावर एकच ओळ उमटली : ‘अपडेटेड फोर पाथ्स फ्रॉम द इंडेक्स’, म्हणजे इंडेक्समधून चार फायली अद्ययावत केल्या. चार फायलींत त्या मुलीने केलेले आणि अजून ‘गिट अ‍ॅड’ न केलेले सगळे काम त्या क्षणी पुसले गेले. कमांडने थांबून विचारले नाही, लाल अक्षरांत काही दाखवले नाही. एडिटर आधीच बंद केलेला असल्यामुळे तिथूनही मागे जाता येईना. ती ओळ वाचून मुलीला वाटले की अद्ययावत झाले म्हणजे चांगलेच झाले, आणि ती पुढचे काम करत राहिली. नुकसान झाल्याचे तिच्या लक्षात आले ते संध्याकाळी, फाइल उघडल्यावर.

इथे बरेच जण म्हणतील की कमांड चालवण्याआधी माहिती वाचायला हवी होती. तिने ती वाचली होती. आमच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांवर गिटची जुनी आवृत्ती आहे आणि माहितीची पाने त्या आवृत्तीबरोबरच येतात. चेकआउटच्या त्या पानावरचे वर्णन अनेक वर्षे ज्या वाक्याने सुरू होत असे, त्याचा आशय मराठीत असा : ही कमांड कामाच्या फोल्डरमधल्या फायली इंडेक्समधल्या किंवा दिलेल्या ट्रीमधल्या आवृत्तीशी जुळतील अशा अद्ययावत करते, आणि फायलींची नावे दिलेली नसल्यास, सांगितलेली ब्रँच ही चालू ब्रँच ठरावी म्हणून हेडही बदलते.

या वाक्यात एक अक्षरही खोटे नाही. ज्याला गिटची आतली रचना ठाऊक आहे, त्याला ते नेमके आणि आटोपशीर वाटेल. मलाही ते तसे वाटत आले आहे. पण ते वाक्य लिहिणाऱ्याने कमांडच्या आत उभे राहून लिहिले आहे. हेड कुठे सरकते, इंडेक्सचे काय होते, ट्री कोणती घेतली जाते, हे सारे त्यात आहे. माझ्या समोरच्या फायलीत मी सकाळपासून लिहिलेल्या ओळींचे काय होईल, हे मात्र नाही. ‘अद्ययावत करणे’ या क्रियापदाखाली ‘तुमचे काम पुसून त्या जागी जुने आणून ठेवणे’ हा अर्थ दडलेला आहे आणि तो फक्त आधीपासून ठाऊक असणाऱ्यालाच दिसतो. शिवाय दोन वेगवेगळी कामे, म्हणजे ब्रँच बदलणे आणि फाइल मागच्या रूपात आणणे, एकाच वाक्यात अशी गुंफली आहेत की पहिले निरुपद्रवी काम वाचता वाचता दुसरे नुकसानकारक काम डोळ्यांखालून निसटून जाते. वास्तविक ब्रँच बदलताना गिट फार काळजी घेते. तुमचे न नोंदवलेले बदल पुसले जाणार असतील, तर ती ब्रँच बदलायलाच नकार देते. फाइल मागे नेताना ती ही काळजी घेत नाही. एकाच नावाच्या कमांडच्या दोन वागणुकींतला हा फरक पानाच्या अगदी माथ्यावर असायला हवा होता.

माझ्या मते त्या पानाची सुरुवात अशी असावी : ‘ही कमांड दोन कामे करते. ब्रँचचे नाव दिल्यास ती त्या ब्रँचवर नेते आणि तुमचे न नोंदवलेले बदल पुसले जाणार असतील तर थांबते. फाइलचे किंवा फोल्डरचे नाव दिल्यास ती त्यातले, गिट अ‍ॅड न केलेले, बदल न विचारता पुसते आणि ते बदल गिटमधून परत मिळत नाहीत. दिलेले नाव ब्रँचचे की फायलीचे हे गिट कसे ठरवते, ते खाली वाचा.’ यात हेड आले नाही, ट्रीही आली नाही. त्यांची जागा पुढच्या परिच्छेदात आहे आणि तिथे ती हवीच.

समाधानाची बाब ही की गिटचे काम पाहणाऱ्यांनाही हे पटलेले दिसते. या पानाचा प्रारंभ अलीकडे बदलण्यात आला असून आता त्यात कमांडच्या दोन मुख्य कामांची फोड आधीच केलेली आहे. त्याही आधी, ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीत चेकआउटची ही दोन कामे ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा दोन निराळ्या कमांडमध्ये वाटून दिली गेली. आमच्या त्या विद्यार्थिनीने ‘गिट स्विच रिपोर्ट’ असे लिहिले असते, तर अशा नावाची ब्रँच नाही एवढे सांगून गिट थांबली असती आणि तिच्या फायलींना धक्काही लागला नसता. मग शिक्षकांनी, पुस्तकांनी आणि प्रयोगवह्यांनी या नव्या कमांड लगेच का उचलल्या नाहीत? सवय हे एक कारण आहेच. पण या कमांड प्रायोगिक आहेत, त्यांची वागणूक पुढे बदलू शकते, असा इशारा त्यांच्या पानांवर वर्षानुवर्षे छापलेला होता, हेही मोठे कारण आहे. तो इशारा वाचल्यावर परीक्षेच्या प्रयोगात ती कमांड घालायला कोणता शिक्षक धजावेल? त्या एका वाक्यामुळे अधिक सुरक्षित कमांड अडगळीत पडल्या आणि धोक्याची कमांड वर्गात शिकवली जात राहिली. माहितीतल्या वाक्याचे वजन किती असते, ते इथे दिसते.

कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या वाचकांना कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण चांगला परिचयाचा आहे. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. त्या औषधाचे रासायनिक नाव, त्यातल्या घटकांचे प्रमाण, कोणत्या किडीवर किती मात्रा, हे सारे लेबलवर आणि सोबतच्या पत्रकात असते. तरी फवारणाऱ्या माणसाची नजर आधी त्रिकोणावर पडावी अशीच ती मांडणी केलेली आहे. त्रिकोण टाकला म्हणून लेबलची शास्त्रीय अचूकता कमी झाली, असे कोणी म्हणत नाही. कमांडच्या पानावर माझी मागणी याच क्रमाची आहे.

चेकआउट हे एकच पान असे असते, तर मी हे पत्र लिहिले नसते. ‘गिट रिसेट’ घ्या. तिचे तीन मुख्य प्रकार आहेत. ‘सॉफ्ट’ हा प्रकार फक्त ब्रँचचे टोक, म्हणजे तिचा शेवटचा कमिट कोणता ही खूण, सरकवतो, ‘मिक्स्ड’ त्याबरोबर इंडेक्सही बदलतो आणि ‘हार्ड’ हा प्रकार तुमच्या समोरच्या फायलीही बदलून टाकतो. पहिल्या दोहोंत फायलींतले काम शाबूत राहते, तिसऱ्यात न नोंदवलेले बदल जातात. एवढेच नव्हे, तर गिटच्या नोंदीत नसलेली एखादी फाइल नोंदीतल्या फायलीच्या जागेवर आडवी येत असेल, तर ‘हार्ड’ तीही काढून टाकतो. हे त्या पानावर लिहिलेले आहे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण अन्याय्य टीका मला करायची नाही. अडचण जागेची आहे. ते वाक्य पर्यायांच्या यादीत आहे आणि कमांडची एका ओळीतली ओळख मात्र अनेक वर्षे ‘चालू हेड दिलेल्या स्थितीला आणते’ एवढीच होती. ज्याला घाई आहे आणि ज्याच्या डोक्यावर सबमिशनची तारीख आहे, तो यादीपर्यंत पोहोचेलच असे नाही. गंमत म्हणून नव्हे, तर खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट म्हणून नमूद करतो की ‘रिसेट’च्या या प्रकाराने न नोंदवलेले बदल जातात, काळजी घ्या, हा सल्ला सर्वांत सरळ शब्दांत आढळतो तो ‘गिट रिव्हर्ट’ या दुसऱ्याच कमांडच्या पानावर.

याच संदर्भात ‘रिफ्लॉग’चा उल्लेख करणे आवश्यक आहे. ब्रँचचे टोक कुठून कुठे सरकले याची नोंद गिट आपल्यापाशी ठेवते आणि नेहमीच्या मांडणीत ती ९० दिवस टिकते. जे कमिट आता त्या ब्रँचच्या सध्याच्या टोकापासून पोहोचण्यासारखे राहिलेले नाहीत, त्यांच्या नोंदी ३० दिवस टिकतात. म्हणजेच एकदा कमिट केलेले काम रिसेटने नजरेआड झाले, तरी काही आठवडे ते शोधून परत आणता येते. कमिट न केलेल्या कामाला मात्र हे संरक्षण नाही. अनुभवी प्रोग्रामर म्हणतो, ‘गिटमध्ये काही हरवत नाही’, आणि नवखा विद्यार्थी म्हणतो, ‘गिटने माझे काम खाल्ले’. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात, कारण एक कमिट केलेल्या कामाविषयी बोलतो आणि दुसरा न केलेल्या कामाविषयी. ही सीमारेषा प्रत्येक धोकादायक कमांडच्या पानावर, त्याच जागी, त्याच शब्दांत लिहिलेली असावी. पाच पानांवर एकच वाक्य पुन्हा आले, तरी बिघडत नाही. तांत्रिक लेखनात पुनरुक्ती टाळण्याचा जो आग्रह धरला जातो, तो अशा ठिकाणी सोडून दिलेला बरा.

चांगले उदाहरणही याच प्रणालीत आहे. ‘गिट क्लीन’ ही कमांड नोंदीत नसलेल्या फायली काढून टाकते आणि तिच्या पानाचे पहिलेच वाक्य ते स्वच्छ शब्दांत सांगते. शिवाय नेहमीच्या मांडणीत ‘फोर्स’चा पर्याय दिल्याशिवाय ती काही पुसत नाही आणि काय पुसले जाईल, ते आधी नुसते दाखवण्याचीही सोय तिच्यात आहे. याच घरात वाढलेल्या चेकआउटला आणि रिसेटला ही शिस्त का लावली गेली नाही, याची ऐतिहासिक कारणे असतील. कमांडची वागणूक आता बदलली तर लक्षावधी लोकांचे काम अडेल, हेही मला समजते. वागणूक बदलता येत नसेल, तर निदान वाक्य बदलता येते.

आणखी एक जागा अशी आहे की जिथे हुशार विद्यार्थीही हमखास अडखळतात. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केले की गिट थांबते आणि आपल्याला ठरवावे लागते, ‘अवर्स’ ठेवायचे की ‘देअर्स’, म्हणजे आपले की त्यांचे. मर्ज करताना, म्हणजे दुसरी ब्रँच आपल्या ब्रँचमध्ये मिसळताना, ‘आपले’ म्हणजे आपण ज्या ब्रँचवर उभे आहोत तिच्यातले. रिबेस करताना मात्र ते उलटे होते. गिट आधी दुसऱ्या ब्रँचच्या टोकावर जाऊन उभी राहते आणि आपले कमिट एकेक करून तिथे पुन्हा लावते. त्यामुळे ज्या ब्रँचवर काम नेऊन ठेवायचे आहे ती ‘आपली’ ठरते आणि आपण स्वतः केलेले काम ‘त्यांचे’ ठरते. पानावर याची टीप आहे, पण त्या टिपेत हे दोन पर्याय ‘उलटे झाल्यासारखे दिसू शकतात’ अशा धाटणीचे वाक्य आहे. दिसू शकतात म्हणजे काय? माझ्या फायलीतले कोणते राहील आणि कोणते जाईल, याचे उत्तर ‘दिसू शकते’ या भाषेत देता येत नाही. ‘रिबेस करताना स्वतःचे काम ठेवायचे असेल, तर देअर्स हा पर्याय द्या’ असे सरळ आज्ञार्थी वाक्य तिथे हवे, आणि त्याचे कारण त्यानंतर. इंडेक्सलाच कुठे ‘कॅश्ड’ तर कुठे ‘स्टेज्ड’ म्हटले जाते, हाही असाच घोळ आहे; त्याविषयी बरेच लिहिले गेले असल्याने इथे विस्तार करत नाही.

या मागणीवर येणारे आक्षेप मी सहकाऱ्यांकडून ऐकले आहेत. पहिला आक्षेप असा की कमांडचे पान हा संदर्भग्रंथ आहे, पाठ्यपुस्तक नव्हे. शिकण्यासाठी गिटबरोबरच धडे आणि शब्दसूची दिलेल्या आहेत, त्या वाचाव्यात. परंतु अडलेला माणूस धडा उघडत नाही, तो त्या कमांडचेच पान उघडतो. शिवाय संदर्भग्रंथ अचूक असावा, हे मान्य केले, तरी अचूकतेत महत्त्वाची गोष्ट आधी सांगण्याचाही समावेश होतोच. दुसरा आक्षेप असा की मुलांचे इंग्रजी सुधारा, पाने आपोआप समजतील. मुलांचे इंग्रजी सुधारायलाच हवे आणि आम्ही ते करतोच. पण चेकआउटचे ते जुने वाक्य ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनाही अवघड जात होते, म्हणून तर ते बदलले गेले. तिसरा आक्षेप अलीकडचा आहे : आता प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी असताना ही पाने वाचतो कोण? या साधनांची घडण अशाच मजकुरातून झालेली असते. मूळ पानात धोक्याचे वाक्य तळाशी असेल, तर उत्तरातही ते तळाशी जाण्याची किंवा गळून पडण्याची शक्यता राहते. उलट मूळ वाक्य सुधारले, तर ते न वाचणाऱ्यापर्यंतही त्याचा लाभ पोहोचतो.

आता हे काम आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना करता येईल का, या प्रश्नाकडे येतो. गिटची माहितीची पाने तिच्या मूळ प्रोग्रामसोबत एका स्वतंत्र फोल्डरमध्ये, साध्या मजकुराच्या फायलींत ठेवलेली आहेत. सी भाषेतला कोड न कळणारा माणूसही त्या वाचू शकतो आणि बदल सुचवू शकतो. बदल पाठवताना तो का हवा, याचे कारण नीट वाक्यांत लिहावे लागते आणि हा मजकूर देण्याचा आपल्याला अधिकार आहे, अशी सही त्याखाली करावी लागते. त्यानंतर जाणकार लोक तो बारकाईने तपासतात आणि बहुधा एकदा तरी परत पाठवतात. सोपे करण्याच्या नादात खोटे लिहिले, तर ते स्वीकारले जात नाही, आणि जाऊही नये. उदाहरणार्थ, ‘चेकआउटने पुसलेले बदल कधीही परत मिळत नाहीत’ असे सरसकट लिहिता येणार नाही. ‘गिट अ‍ॅड’ केलेल्या फायलीचा मजकूर गिटच्या साठ्यात गेलेला असतो आणि पुढे तो निराधार पडला, तरी साफसफाई होईपर्यंत ‘गिट एफएससीके’ या कमांडने शोधून काढता येतो. म्हणून ‘अ‍ॅड न केलेले बदल’ असा नेमका शब्दप्रयोग हवा. असे एक वाक्य घडवताना विद्यार्थ्याला गिटची जेवढी आतली रचना समजून घ्यावी लागते, तेवढी ती पाठ केलेल्या वीस कमांडमधून समजत नाही.

आणि वाक्य बिघडले आहे की नाही, हे ठरवण्याची खरी ताकद नवख्या वाचकातच असते. पद्धत अगदी सरळ आहे. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला पानाचा पहिला परिच्छेद वाचायला द्यावा, त्याच्यासमोर न नोंदवलेले बदल असलेली एक फाइल ठेवावी आणि कमांड चालवण्यापूर्वी त्याला विचारावे, ‘आता या फायलीचे काय होईल?’ त्याचे उत्तर लिहून घ्यावे, मग कमांड चालवून पाहावी. उत्तर आणि निकाल यांत फरक पडला, तर त्याचे गुण कापण्याऐवजी ते वाक्य बाजूला काढावे. जगातल्या मोठ्या तज्ज्ञांना हा प्रयोग स्वतःवर करता येत नाही, कारण त्यांना उत्तर आधीच ठाऊक असते. फैजपूर, शिरपूर, धुळे, जळगाव इथल्या वर्गांत मात्र असे वाचक दरवर्षी नव्याने येतात.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आणि इतरही महाविद्यालयांतल्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की अंतिम वर्षाच्या प्रकल्पात अशा सुधारणेला प्रोग्राम लिहिण्याइतकेच काम मानावे. उपस्थितीची नोंद ठेवणारे आणि ग्रंथालयाची पुस्तके मोजणारे तेच ते प्रोग्राम पुन्हा पुन्हा लिहून घेण्यापेक्षा, एका पानाचा एक परिच्छेद तपासून, त्यातली उणीव प्रयोगाने दाखवून आणि सुधारित वाक्य तज्ज्ञांच्या परीक्षणातून पार करून आणणे, हे विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगाचे आहे. पतसंस्था, जिनिंग कारखाने आणि केळीचे व्यापारी यांच्यासाठी आपल्या भागात जे छोटे व्यावसायिक सॉफ्टवेअर लिहितात, त्यांनीही आपल्या माहितीपुस्तिका याच दृष्टीने पाहाव्यात. ‘वर्षअखेर बंद करा’ हे बटण दाबल्यावर मागच्या वर्षाच्या नोंदी दुरुस्त करता येणार नाहीत, हे कारकुनाला बटणाशेजारीच मराठीत वाचायला मिळाले पाहिजे. पुस्तिकेच्या मागच्या पानावर ते छापून भागत नाही.

आपल्या पुरवणीकडूनही एक अपेक्षा आहे. यापुढे गिटविषयी किंवा अशा कोणत्याही कमांडविषयी लेख छापताना, जी कमांड फायलीतला मजकूर बदलते किंवा पुसते तिच्या लगेच खाली, वेगळ्या ठसठशीत ओळीत, काय जाईल आणि काय परत मिळेल, एवढे छापावे. लेखकाने ते दिले नसेल, तर मागून घ्यावे. येत्या सत्रात आमच्या विभागातले विद्यार्थी चेकआउट, रिसेट, रिबेस आणि स्टॅश (अर्धवट काम तात्पुरते बाजूला ठेवणारी कमांड) या चार पानांच्या सुरुवातीच्या मजकुरावर वर सांगितलेला प्रयोग करणार आहेत. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतल्या ज्या शिक्षकांना आणि प्रोग्रामरना अशा पानांचा अनुभव आला असेल, त्यांनी आपल्या या सदरातून तो कळवावा. गिटची आवृत्ती कोणती, पानावरचे वाक्य कोणते, वाचणाऱ्याने त्याचा अर्थ काय घेतला आणि कमांड चालवल्यावर प्रत्यक्षात काय झाले, या चार गोष्टी लिहिल्या तर ते वाक्य सुधारण्यासाठी पुढे पाठवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
संगणकशास्त्राचा एक शिक्षक,
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव